मेडिकल, कोर्ट आणि बसस्थानकापलीकडचे नागपूर

(प्रवासविषयक प्रश्नोत्तरे. उत्तरे देणारे लेखक एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले असून सध्या विदर्भातील आपल्या गावी शेती करतात.)

प्रश्न : उमरेड तालुक्यातील माझ्या गावाहून मी गेली चाळीस वर्षे नागपूरला ये-जा करतो आहे. आईचे ऑपरेशन मेडिकलला झाले, जमिनीची केस नागपूरच्या कोर्टात चालली, बियाणे आणि पंपाचे सुटे भागही तिथूनच येतात. परवा आठवीतल्या नातीने विचारले, "आजोबा, नागपुरात पाहण्यासारखे काय आहे?" मेडिकल, कोर्ट आणि गणेशपेठचा स्टँड यांखेरीज मला काही सांगता आले नाही. दिवाळीच्या सुटीत तिला एक दिवस घेऊन जायचे आहे. नागपूरचे लोक स्वतः जिथे जातात ते नागपूर तिला दाखवता येईल काय?
(एक शेतकरी वाचक, ता. उमरेड)

उत्तर : आपण पत्रात जे कबूल केले आहे ते आपल्या भागातील बहुतेक घरांना लागू पडते. नियंत्रकाच्या खिडकीत बसून मी सकाळच्या नागपूर गाडीला चढणारी माणसे वर्षानुवर्षे पाहिली आहेत. कोणाच्या काखेत फाइल, कोणाच्या हातात एक्स-रेचे पाकीट, कोणाकडे दवाखान्यातल्या माणसाचा डबा, पण रिकाम्या हाताने नागपूरला निघालेला माणूस महिन्यातून एखादाच दिसे. काम आटोपले की शेवटची गाडी चुकू नये म्हणून पुन्हा स्टँडकडे धाव घ्यायची, त्यामुळे चाळीस वर्षे जाऊनही शहर अनोळखीच राहते.

तरीही नागपूर आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, आणि नातीला पहिली गोष्ट सांगायची ती हीच. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली बारा लहान गावे एकत्र करून हे शहर वसवले. त्यांपैकी फुटाळा, सक्करदरा, लेंड्रा, सीताबर्डी ही नावे आजही वस्त्यांच्या रूपाने नांदत आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही मोहल्ल्यांची नावे तर आठवडी बाजाराचीच आहेत. उमरेडच्या बाजारात वाढलेल्या मुलीला या शहराची रचना समजावून सांगण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. कोणत्या वारी कुठे बाजार भरत असे, एवढे सांगितले तरी पुरे.

सकाळची पहिली गाडी पकडावी, कारण नागपूरकर माणूस आपल्या सगळ्यात आवडत्या जागी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान सापडतो आणि ती जागा म्हणजे तर्री-पोह्यांची गाडी होय. पोहे तर आपल्या घरीही होतात, पण इथे पोह्यांची परात एका बाजूला आणि हरभऱ्याच्या रश्श्याचा गंज (मोठे पातेले) दुसऱ्या बाजूला असतो. विक्रेता पोह्यांवर आधी रस्सा हरभऱ्यांसकट ओततो, मग पळी आडवी धरून वर तरंगणारे लाल तेल अलगद काढून घेतो आणि ती तर्री वरून सोडतो. त्यावर चिरलेला कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि लिंबाची फोड. नातीसाठी "तर्री कमी" असे आधीच सांगावे, नंतर सांगून उपयोग नसतो. कोणती गाडी उत्तम, हे मी मुद्दाम लिहीत नाही. जिच्याभोवती ऑफिसचे डबे घेतलेली आणि दुकानाची शटरे उघडायला निघालेली माणसे उभी असतील ती गाडी निवडावी. अकरा वाजता गेल्यास गंजाचा तळ खरवडलेला दिसेल.

गणेशपेठहून कॉटन मार्केट जवळच आहे. या बाजाराच्या नावात कापूस असला तरी आज तिथे वांगी, मेथी आणि टोपलीभर सांबार विकला जातो, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या माणसाने नातीला दाखवावी आणि त्यावर दोघांनी हसावे. तिथूनच मेट्रोत बसून चितार ओळी स्थानकावर उतरावे. गाडी रस्त्याच्या वरून जात असल्याने जुन्या वस्तीची कौले आणि गच्च्या वरून दिसतात, आणि मुलांना तिकिटाच्या पैशात एवढे मिळाले तरी आनंद होतो. चितार ओळी ही मूर्तिकारांची वस्ती आहे. गणपतीच्या आधी गेल्यास मातीचे ढीग आणि ओल्या मूर्तींच्या रांगा दिसतात, दिवाळीनंतर मात्र तिथे सामसूम असते. पुढे इतवारीत सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ अशा एकेका मालाच्या ओळी आहेत. तिथे खरेदी केलीच पाहिजे असे नाही. किराणा ओळीत मिरची आणि हळदीच्या पोत्यांजवळून जाताना नातीला शिंका येतील, आणि घरी गेल्यावर ती इतर सगळ्यांच्या आधी तेच सांगेल.

दुपारी अजब बंगला की महाराजबाग, असा प्रश्न पडेल. अजब बंगला म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरच्या प्रत्येक घरातील मूल एकदा तरी तिथे गेलेले असते. महाराजबाग हे प्राणिसंग्रहालय; ही बाग मूळची भोसल्यांची असून आज कृषी महाविद्यालयाच्या आवारात आहे. माझे मत अजब बंगल्याच्या बाजूने आहे, कारण दुपारच्या उन्हात पिंजऱ्यातले प्राणी झोपलेले असतात. देशाचा मध्यबिंदू म्हणून ओळखला जाणारा झिरो माईलचा दगडी स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोडे जाता-जाता पाहावेत. तिथे दहा मिनिटे पुरतात. दीक्षाभूमीला मात्र सावकाश जावे. मेट्रोने राहाटे कॉलनी स्थानकावर उतरल्यास ती जवळ पडते. दसऱ्याच्या आणि १४ ऑक्टोबरच्या सुमारास तिथे लाखोंचा जनसागर असतो आणि आपल्या गावातील मंडळीही त्या वेळी जात असतील. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तिथे एरवीच्या दुपारी बोधिवृक्षाखाली वही उघडून बसलेली स्पर्धा परीक्षांची मुले, नमस्कार करून निघालेल्या आज्या आणि शांतपणे स्तूपाला फेरी घालणारी कुटुंबे दिसतात. गर्दीच्या दिवशी हे दृश्य पाहायला मिळत नाही.

संध्याकाळ फुटाळ्याला द्यावी. भोसल्यांच्या काळातल्या या तलावाच्या काठावर नागपूरची तरुण मुले, लेकुरवाळी जोडपी आणि निवृत्त मंडळी सूर्यास्ताला येऊन भाजलेले भुट्टे खात बसतात. कणीस आपल्या वावरात फुकट मिळते आणि इथे त्याचे पैसे मोजावे लागतात, याचा राग धरू नये. लोक येतात ते पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यासाठी. दिवाळीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो, त्यामुळे सूर्य मावळल्यावरही परतीची गाडी मिळायला अवधी राहतो. पाय दुखत असतील तर फुटाळा सोडून स्टँडजवळच्या गांधीसागरावर बसावे. याच तलावाला जुनी माणसे शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात.

आता कोणाला विचारायचे ते सांगतो, आणि त्यासाठी माझीच फजिती सांगावी लागेल. निवृत्त झाल्यावर एका दुसऱ्या शहरात गेलो असता एका रिक्षावाल्याला मी ऐटीत म्हणालो, "भाऊ, पाहण्यासारखे जे असेल ते दाखव." त्याने मला एका मॉलच्या दारात सोडले. चूक त्याची नव्हती; पाहुण्याला जे दाखवायचे असते ते त्याने दाखवले. परतताना त्यालाच विचारले, "तुम्ही स्वतः चहा कुठं पेता जी?" तेव्हा तो हसला, मीटर बंद केले आणि रेल्वे पुलाखालच्या एका टपरीवर घेऊन गेला, तिथे त्याचा थोरला भाऊ, त्याच्या मोहल्ल्यातले दोन मिस्त्री आणि एक पोस्टमन रोजच्यासारखे बसलेले होते. म्हणून "काय पाहावे" असे विचारू नये. "तुम्ही कधी आणि कुठे बसता" असे विचारावे, आणि त्यातही "कधी" अधिक महत्त्वाचे, कारण सकाळी माणसांनी फुललेली जागा दुपारी नुसती भिंत असते. आपल्या गावची एखादी लेक नागपुरात नांदत असेलच. तिला दोन दिवस आधी फोन करावा. ती भाजी कोणत्या बाजारातून आणते आणि मुलांना रविवारी कुठे नेते, हे तिला जितके ठाऊक आहे तितके माझ्यासारख्या सदर लिहिणाऱ्याला नाही.

सावजी जेवणाचा मोह होईल. कोष्टी समाजाच्या घरगुती स्वयंपाकातून आलेले ते जेवण चवीला अव्वल असले तरी परतीच्या प्रवासाआधी, आणि तेही मुलीला घेऊन, मी सुचवणार नाही. पाटोडी-रस्सा कमी तिखट करून मागता येतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी सर्वांसाठी उघडतो, तेव्हा दिवाळीत त्याचा बेत करू नये. आणि नात थोडी मोठी झाली की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक दाखवावी. ईडापीडा गावाबाहेर घालवण्याची आपल्याकडची रीत शहराने किती धुमधडाक्याने जपली आहे, ते तिला त्या गर्दीत दिसेल.

प्रश्न : मी मूल तालुक्यातून रोज चंद्रपूरला कॉलेजला येते. तास संपल्यावर गाडीला दोन तास असतात. मैत्रिणी मॉलमध्ये किंवा मोबाइलवर वेळ घालवतात. चंद्रपूरचे लोक कुठे जातात, आणि मुलगी म्हणून मी तिथे एकटी जाऊ शकते काय?
(एक विद्यार्थिनी, ता. मूल)

उत्तर : चंद्रपूरकर ज्या गोष्टीतून रोज आत-बाहेर करतो आणि जिच्याकडे क्वचितच मान वर करून पाहतो, ती म्हणजे गोंड राजांचा परकोट. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा हे त्याचे चार दरवाजे. जटपुऱ्याच्या वाहतूक कोंडीत तुम्ही रोज अडकत असाल. तीच पाच मिनिटे वर कोरलेल्या शिल्पांना द्यावीत. दरवाज्यांशिवाय हनुमान, विठोबा, बगड, मसाण आणि चोर अशा पाच खिडक्या आहेत. यांना खिडकी म्हणत असले तरी माणूस वाकून जाईल अशी ती लहान दारे आहेत, आणि प्रत्येक नावामागे आसपासच्या घरांत एकेक गोष्ट सांगितली जाते. खांडक्या बल्लाळशाह राजाला झरपट नदीकाठच्या पाण्याने त्वचारोगातून आराम पडला, एक ससा उलटा त्याच्या कुत्र्याच्या मागे धावला आणि ज्या वाटेने ही पळापळ झाली तिथेच तट उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानावी असे मी म्हणत नाही, पण चंद्रपूरच्या जुन्या वस्तीतील आजीबाईकडून ती ऐकण्यासारखी आहे.

एकटीने जायचे असेल तर अंचलेश्वर मंदिर आणि त्याला लागून असलेल्या गोंड राजांच्या समाध्या निवडाव्यात. राणी हिराईने पती बीरशाहसाठी उभारलेली समाधी तिथेच आहे, आणि मंदिरामुळे बायामाणसांची ये-जा असते. महाकालीचे मंदिरही तिथून लांब नाही. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत मात्र दोन तासांत परत येण्याची खात्री देता येत नाही. रामाळा तलावाचा काठ सकाळी फिरणाऱ्यांचा असतो. परकोटाच्या आडबाजूच्या खिडक्यांकडे दुपारी सामसूम असताना एकटीने जाऊ नये. वर्गात जुन्या गावठाणात राहणारी एखादी मैत्रीण असेलच. तिच्या घरी चहाला जावे आणि तिच्या वडिलांना किंवा काकूंना सोबत घ्यावे. या सावधगिरीचा तुम्हाला वैताग येईल हे मी जाणतो, पण तुमच्या दोन तासांचा हिशेब गाडीच्या वेळेशी बांधलेला आहे.

प्रश्न : अमरावतीला मुलाखतीसाठी जायचे आहे. दुपारनंतर दोन-तीन तास मोकळे आहेत. काय करावे?
(एक वाचक, ता. कारंजा)

उत्तर : आधी गिला वडा खावा. दही आणि चटणीत भिजलेला हा वडा अमरावतीकरांच्या जिभेवर लहानपणापासून असतो आणि शहराबाहेर गेलेली मुले सुटीत घरी येण्याआधी त्याच्याकडे वळतात. मुलाखतीचा सदरा अंगात असेल तर पुढे रुमाल धरावा. मग अंबादेवी आणि एकवीरा यांचे दर्शन, आणि जवाहर गेटच्या आतील बाजाराची एक फेरी. तीन तासांत याहून अधिक करू नये.

प्रश्न : परतवाड्याजवळच्या खेड्यात आमचे घर आहे. पुण्याहून दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले कापसाच्या हंगामात चार दिवस येणार आहेत. मागच्या वेळी "तुमच्याकडे पाहायला काही नाही" म्हणत ते सरळ चिखलदऱ्याला जाऊन परतले. या वेळी काय दाखवू?
(एक गृहिणी, ता. अचलपूर)

उत्तर : चिखलदरा दाखवायला हरकत नाही, तिथला खवा, रबडी आणि विदर्भात उगवणारी कॉफी पुणेकरांना आश्चर्य वाटायला लावते. पण तुमच्या पाहुण्यांनी ज्या अचलपूरवरून गाडी भरधाव नेली, ते एके काळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. फतहुल्ला इमादुल्मुल्काने १४९० मध्ये ही सत्ता उभी केली तेव्हा पेशव्यांचे पुणे अजून दूर होते, एवढे दीरांच्या कानावर सहज घालावे. दुल्हा दरवाज्यातून त्यांना चालत आत न्यावे आणि उन्हे उतरल्यावर हौज कटोऱ्याकडे जावे. हौदाच्या मधोमध उभा असलेला तो अष्टकोनी मनोरा पाहायला अचलपूरची मुले सायकलने जातात.

मग शकुंतलेचे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीचे, स्टेशन. मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा, अडीच फुटी रुळांचा मार्ग वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने टाकला होता. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावत होते आणि आज गाडीच धावत नाही. नुसते स्टेशन दाखवल्यास पुतणे पाच मिनिटांत कंटाळतील. शकुंतलेने प्रवास केलेला साठीच्या पुढचा एखादा शेजारी सोबत घ्यावा. धावत्या गाडीतून उतरून, बाजूच्या झाडाची बोरे तोडून पुन्हा गाडी पकडल्याचे किस्से त्याच्याकडे असतील, आणि ते थोडे वाढवून सांगितलेले असले तरी ऐकू द्यावेत.

परतवाड्याचा माणूस स्वतः कुठे रमतो, असे विचाराल तर सागाच्या लाकडांच्या डेपोकडे आणि बाजारपेठेतल्या चहाच्या दुकानांकडे. मेळघाटातून उतरलेला आणि मेळघाटात चढणारा प्रत्येक जण इथे थांबतो. बाजाराच्या दिवशी कोरकू बाया सौदा घ्यायला येतात, तेव्हा मराठी, हिंदी आणि कोरकू या तिन्ही बोली एकाच दुकानात ऐकू येतात. एवढे ऐकायला पुण्याहून यायलाच हवे.

पण सगळ्यात आधी तुमचे वावर दाखवा. पाहुण्यांची तारीख जुळत असेल तर सीतादहीचा दिवस साधा. दहीभात शिंपून पहिली वेचणी कशी सुरू होते ते जाऊबाईंना बांधावरून पाहू देऊ नका, त्यांच्या कमरेला ओटी बांधून तासभर वेचायला लावा. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटे खरचटली आणि तासाअखेर ओटीत जेमतेम दीड-दोन किलो कापूस निघाला की "पाहायला काही नाही" हे वाक्य त्या पुन्हा उच्चारणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. मुलांना पुढे जिनिंगमध्ये नेऊन सरकी आणि रुई वेगळी होताना दाखवता आली तर उत्तम. मालकाला आधी विचारावे, कारण हंगामात तिथे गाड्यांची रांग असते.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर संध्याकाळी गावकरीच बसत. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि आता दर रविवारी शहरातून गाड्या येतात, मोठ्याने गाणी वाजतात, बाटल्या फुटतात. लोकांच्या आवडीच्या जागा छापून आपण हेच करत नाही काय?
(एक वाचक, ता. साकोली)

उत्तर : आपला आक्षेप मला पटतो आणि तो मी टाळणार नाही. माजी मालगुजारी तलाव ही बसायची जागा नंतर झाली. कोहळी समाजाने ते बांधले ते धानाला पाणी देण्यासाठी, आणि त्यातल्या मासळीवर ढिवरांची घरे चालतात. पाळीवर फुटलेली बाटली धानाच्या बांधीत किंवा जाळे ओढणाऱ्याच्या पायात जाते. या कारणाने मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. दीक्षाभूमी, फुटाळा, परकोट यांसारखी आधीच हजारो लोक झेलणारी ठिकाणे नावानिशी लिहितो, आणि चहाची टपरी, पोह्यांची गाडी, गावचे तळे यांच्याकडे कसे पोहोचावे एवढेच सांगतो. ज्याला खरोखर जायचे आहे तो कोणाला तरी विचारून, त्याच्यासोबत जाईल, आणि सोबत गावचा माणूस असला की बाटल्या बहुधा गाडीतच राहतात.

आपल्याकडे सध्या ग्रामपंचायत, पाणी वापरणारे शेतकरी आणि मच्छीमार संस्था यांनी एकत्र बसून पाळीवर वाहने आणण्यास बंदीचा ठराव घ्यावा आणि गाड्या गावात शाळेजवळ उभ्या करायला लावाव्यात. किलोमीटरभर चालायचे म्हटल्यावर निम्मे पाहुणे कमी होतात. आपल्या पत्रात तलावाचे आणि गावाचे नाव होते. ते आम्ही छापलेले नाही.